गोल डाकखान्याच्या शेजारचा नाताळ

दिल्लीत रिक्षावाल्याला ‘सेक्रेड हार्ट कॅथीड्रल’ असं सांगितलं, तर तो क्षणभर विचारात पडतो. ‘गोल डाकखाना’ म्हटलं की लगेच मान हलवतो. मीटर टाकत नाही तो नाहीच, पण निघतो तरी. कनॉट प्लेसच्या पश्चिमेला, एका वर्तुळाकार चौकाच्या मधोमध नवी दिल्लीचं मुख्य टपाल कार्यालय आहे आणि रस्ता ओलांडला की समोर कॅथीड्रल. नवी दिल्ली वसत होती त्याच काळात, हेन्री मेड या वास्तुविशारदाच्या आराखड्यावर ते उभं राहिलं. राष्ट्रपती भवनाजवळचं कॅथीड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शनही त्याचंच. शहराचा नकाशा आखणाऱ्यांच्या मनात काही नसेलही, पण दिल्लीच्या नाताळासाठी याहून चपखल शेजार सापडला नसता: एका बाजूला देऊळ म्हणावं असं चर्च, दुसऱ्या बाजूला घरी निरोप धाडायची खिडकी.

२५ डिसेंबरला संध्याकाळी या चौकात पाय ठेवायला जागा नसते. बॅरिकेड लागतात, वाहतूक वळवली जाते, भोपळ्याएवढे फुगे आणि लाल टोप्या विकणारे फुटपाथ अडवून बसतात. गंमत अशी, की या गर्दीतले बहुतेक लोक ख्रिस्ती नसतातच. मेणबत्ती लावायला, फोटो काढायला, मुलांना ‘बडा दिन’ दाखवायला ते पहाडगंज, करोल बाग, थेट गाझियाबादहून आलेले असतात. ज्यांचा हा सण आहे ते आदल्या रात्री आणि सकाळी येऊन गेलेले असतात. संध्याकाळी ते फोनवर असतात.

२०११च्या जनगणनेत दिल्लीतल्या ख्रिस्ती लोकांची संख्या होती सुमारे १ लाख ४६ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या ०.८७ टक्के. त्याच जनगणनेत नागालँडचा आकडा ८८ टक्क्यांच्या आसपास आहे आणि मिझोरामचा ८७. दिमापूरहून दिल्लीला शिकायला आलेला मुलगा सणाच्या बाबतीत एका दिवसात कुठून कुठे येऊन पडतो, हे एवढ्या दोन आकड्यांत कळतं. गावी आठवडाभर चालणारा सामुदायिक उत्सव, सगळ्या गावाचं एकत्र जेवण. इकडे हुमायूंपूरच्या किंवा मुनिरकाच्या चार मजली इमारतीत भाड्याची खोली आणि कॉलेजच्या परीक्षेचं वेळापत्रक.

दिल्लीत जुनी ख्रिस्ती घराणी नाहीत असं नाही. काश्मिरी गेटचं, जेम्स स्किनरनं बांधलेलं सेंट जेम्स चर्च १८३६पासून उभं आहे. पण आज राजधानी परिसरातली नाताळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, पाहिली, की जाणवतं ते वेगळंच. हा शहरात पोटापाण्यासाठी आलेल्यांचा सण आहे. केरळच्या परिचारिका आणि कारकून, छोटानागपूरच्या ओराँव, मुंडा, खडिया मुली, ईशान्येकडचे विद्यार्थी आणि कॉल सेंटरमधली पोरं, मंगळुरू-गोव्याकडची थोडी घरं. मराठी वाचकाला सांगायचं, तर दिल्लीतल्या या चाकरमान्यांचा गणपती म्हणजे नाताळ. गावचं घर, सणाची ओढ, आरक्षणाची मारामारी आणि ‘यंदा येतोस की नाही?’ हा प्रश्न. मुंबईतून कोकणात जाणाऱ्याला यातलं काहीही नव्यानं समजावून सांगायला नको.

आधी टपालाची गोष्ट, कारण शेजार तिचा आहे. नाताळचं भेटकार्ड जन्मलं तेच मुळी टपालाच्या ओझ्यातून. इंग्लंडमध्ये १८४०मध्ये एका पेनीत कुठेही पत्र जाऊ लागलं आणि लोक धडाधड लिहू लागले. त्या सुधारणेत हात असलेल्या हेन्री कोल यांच्याच टेबलावर पत्रांचा ढीग साचला. प्रत्येकाला उत्तर लिहिण्याऐवजी त्यांनी १८४३मध्ये जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेऊन छापलं. नात्यांचा ओलावा वगैरे नंतर चिकटला. सुरुवात कामाचा कंटाळा टाळण्यातून झाली.

दिल्लीहून केरळात किंवा रांचीकडे गेलेल्या टपालात मात्र कार्डापेक्षा मनीऑर्डर मोठी. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाठवली तर सणाआधी पोहोचणार. तिच्या फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी दोन-चार ओळींची जागा असे. तेवढ्यात तब्येत, पगार, रजा मिळाली नाही हे आणि नाताळच्या शुभेच्छा असं सगळं कोंबायचं. कोकणातली कित्येक घरं ज्या कागदावर चालली, तोच हा कागद. टपाल खात्यानं ही जुनी पद्धत २०१५मध्ये बंद केली.

परतीच्या पत्राची अडचण वेगळी होती. पत्ता कुणी मल्याळममध्ये लिही, कुणी देवनागरीत, कुणी मोडक्या इंग्रजीत. गावांची नावं सारखी, अक्षर लावता लावता छाननी करणाऱ्याची दमछाक. त्यावर तोडगा काढला एका मराठी माणसानं. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नामांकित कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली सहा आकडी पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ११०००१ हा आकडा गोल डाकखान्याचा. पुढचं अक्षर कुठल्याही लिपीतलं असो, आकडा वाचता आला की पत्र दिल्लीत पोहोचलं म्हणून समजायचं.

घाई असेल तर तार. सणासुदीच्या शुभेच्छांची वाक्यं खात्यानं आधीच ठरवून त्यांना क्रमांक दिले होते. दिवाळीचं एक, ईदचं एक, नाताळचं एक. फॉर्मवर क्रमांक लिहायचा, पलीकडे पूर्ण वाक्य उमटायचं. आजच्या ‘फॉरवर्ड’ शुभेच्छांना नावं ठेवणाऱ्यांनी हे जरा आठवावं. तयार मजकूर पाठवण्याची सोय सरकारनंच लावून दिली होती. जुलै २०१३मध्ये तारसेवा बंद झाली, तेव्हा जनपथवरच्या कार्यालयात शेवटची तार पाठवायला रांग लागली. त्यातल्या अनेकांनी आयुष्यात तोवर एकही तार केलेली नसावी.

पण खरा बदल घडवला तो पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी बूथनं. नव्वदच्या दशकात दूरचा फोन महाग असे आणि दर घड्याळाप्रमाणे उतरत जाई. रात्री उशिरा, अकराच्या पुढे तो पाव व्हायचा. एरवी या स्वस्ताईचा उपयोग मर्यादित. कोट्टयमजवळच्या खेड्यात शेजाऱ्याकडे फोन असला, तरी रात्री साडेअकराला त्याला उठवून ‘माझ्या आईला बोलवा’ कसं म्हणणार? वर्षातली एक रात्र मात्र अशी, की दर पाव आणि दोन्हीकडची माणसं जागी. २४ डिसेंबरला दिल्लीत मध्यरात्रीची मिस्सा, तिकडे केरळात ‘पातिरा कुर्बाना’ या नावानं तीच. दोन्ही साधारण एकाच वेळी सुटणार. चर्चमधून बाहेर पडून बूथचं शटर उघडं आहे का, हे बघायला निघालेल्या माणसाला दूरसंचार खात्याचं दरपत्रक आणि ख्रिस्ती पंचांग एवढ्या एकाच रात्री एकमेकांना अनुकूल होतं.

मोबाइलनं हा हिशेब मोडला. जगातला पहिला एसएमएस हाही नाताळाचाच निरोप होता: ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्यानं संगणकावरून व्होडाफोनचे रिचर्ड जार्व्हिस यांच्या फोनवर ‘मेरी ख्रिसमस’ एवढेच शब्द पाठवले. उत्तर आलं नाही. त्या फोनवर मजकूर टाइप करायची सोयच नव्हती. पुढे भारतात एसएमएसचं पेव फुटलं, तेव्हा कंपन्यांनी ‘ब्लॅकआउट डे’ शोधून काढले. वर्षभर फुकटात किंवा स्वस्तात निरोप पाठवा, पण नेमक्या सणाच्या दिवशी पूर्ण दर भरा. लोकही हुशार, शुभेच्छा आदल्या दिवशीच उरकू लागले. आता डेटा इतका स्वस्त आहे, की छोटानागपुरातल्या सिमडेग्याच्या आजीचा चेहरा रोज बघता येतो. बोलण्याची अडचण जवळजवळ संपली. जाण्याची आहे तिथेच आहे.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे २३ डिसेंबरची गाडी पकडायची, तर २४ ऑक्टोबरला सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल हातात घेऊन बसायचं. ते दिवस दिवाळी-छठचे. सगळी दिल्ली आपापल्या गावाला निघालेली असते, तेव्हा केरळच्या माणसाला पुढच्या सणाचं तिकीट काढायचं असतं. गाड्या कोणत्या, हे त्याला तोंडपाठ. केरळ एक्सप्रेस, त्रिवेंद्रम राजधानी आणि हजरत निझामुद्दीनहून सुटणारी मंगला लक्षद्वीप. ही शेवटची गाडी भुसावळ, मनमाड, नाशिक रोड, कल्याण, पनवेल करत कोकण रेल्वेवर शिरते आणि रत्नागिरी, मडगाव, मंगळुरू ओलांडून दोन दिवसांनी एर्नाकुलमला टेकते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिक रोडच्या फलाटावर या गाडीतून चहाला उतरलेली माणसं पाहिलीत, तर अंगावर अजून दिल्लीचे स्वेटर आणि चेहऱ्यावर ते कधी काढता येतील याची वाट. रांची-हटियाकडचे लोक आनंद विहार गाठतात. दिमापूरला जायचं, तर दिब्रुगढ राजधानीनंही दीड दिवस, तोही वेळेवर धावली तर.

आणि ती धावत नाही. नाताळाचे दिवस म्हणजे उत्तरेतल्या धुक्याचे दिवस. रात्र निरभ्र असते, वारा पडलेला असतो, जमीन झपाट्यानं थंड होते आणि तिला चिकटलेल्या दमट हवेतली वाफ गोठल्यासारखी थेंब होऊन लटकते. हवेतल्या धुराचे आणि धुळीचे कण त्या थेंबांना बसायला जागा देतात. पंजाबपासून बिहारपर्यंत अशी पांढरी चादर पसरली, की इंजिनचालकाला सिग्नल दिसत नाही. पूर्वी सिग्नलच्या अलीकडे रुळावर फटाके बांधत. चाक त्यावरून गेलं की आवाज होई आणि चालक सावध होई. फटाके अजूनही आहेत, शिवाय पुढचा सिग्नल किती लांब हे उपग्रहाच्या मदतीनं सांगणारं ‘फॉग पास’ नावाचं यंत्र आलं आहे. त्यामुळे धुक्यात ताशी ६०ऐवजी ७५ किलोमीटरनं गाडी नेता येते. तरीही उशीर होतोच आणि तो साखळीनं वाढतो: तुमची गाडी सुटायची, तर डब्यांचा तोच संच आधी उलट दिशेनं दिल्लीत यायला हवा, आणि तो कानपूरच्या अलीकडे कुठेतरी अडकलेला. स्टेशनवर बसलेल्याला समजत नाही, की बाहेर छान ऊन पडलं असताना आपली गाडी नऊ तास का उशिरा.

विमानांचंही तेच. इंदिरा गांधी विमानतळावरची यंत्रणा धावपट्टीवर ५० मीटरपर्यंत दिसत असलं तरी विमान उतरवून घेऊ शकते, पण त्यासाठी विमान आणि वैमानिक दोन्ही त्या पात्रतेचे लागतात. या विमानतळावरच्या धुक्याचा अभ्यास करायला २०१५च्या हिवाळ्यापासून पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था हवामान खात्यासह तळ ठोकून बसली आहे.

त्याच विमानतळाच्या टर्मिनल तीनवर डिसेंबरच्या मध्यापासून दुसरी एक गर्दी असते. अमेरिका-कॅनडातल्या शाळांना नाताळची सुट्टी लागली, कार्यालयं ओस पडली, की नोएडा-गुडगावच्या सोसायट्यांतली मुलं, सुना, नातवंडं घरी येतात. दिल्लीतल्या मराठी घरांतही हेच. दिवाळीला मुलाला रजा मिळत नाही, नाताळला मिळते, म्हणून फराळ पुन्हा एकदा डिसेंबरात. आजी-आजोबांचं वर्ष या दहा-बारा दिवसांभोवती फिरतं. हीटर दुरुस्त होतात, पाहुण्यांच्या खोलीच्या गाद्या उन्हात पडतात, घरात एकदम चारची आठ माणसं होतात.

मग घरातली कामवाली मुलगी रजा मागते.

ती गुमला, खुंटी किंवा सिमडेग्याकडची असते, बहुधा ख्रिस्ती. तिच्या भागात गोस्नर मिशनचे चार जर्मन धर्मोपदेशक नोव्हेंबर १८४५मध्ये रांचीला पोहोचले आणि १८८५मध्ये कॉन्स्टंट लिव्हेन्स हे बेल्जियन जेझुइट पाद्री आले. तेव्हापासूनच्या चार-पाच पिढ्यांचा हा सण. भाताची कापणी नुकती संपलेली, घरात धान्य आलेलं, गावात पुढच्या लग्नांची बोलणी सुरू झालेली. वर्षात एकदाच घरी जायचं, तर शेतकरी घराला याहून बरा मुहूर्त नाही. पण मालकांचं घर भरायची वेळही हीच. एका कुटुंबाची भेट सुरळीत पार पडावी म्हणून दुसऱ्या कुटुंबाची पुढे ढकलली जाते. ‘जानेवारीत जा ना, पंधरा दिवस जा’, असं गोडीनं सांगितलं जातं. सांगणारे वाईट नसतात. त्यांना जानेवारी आणि नाताळ यांतला फरक फक्त दोन आठवड्यांचा वाटतो, एवढंच.

जागेवर राहून घरकाम करणाऱ्यांच्या रजेला फारसा कायदेशीर आधार नाही. घरकामगारांना आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती मिळावी, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११चा १८९वा करार सांगतो. भारतानं तेव्हा बाजूनं मत दिलं, पण त्याला मान्यता दिलेली नाही. दिल्ली सरकारनं २०१४मध्ये खासगी प्लेसमेंट एजन्सींना नोंदणी बंधनकारक करणारा आदेश काढला. या मुलींच्या संघटनेचं काम चर्चच्या आसपासच वाढलं, यातही नवल नाही. राष्ट्रीय घरकामगार चळवळ सुरू केली ती सिस्टर जीन डेव्होस या बेल्जियन धर्मभगिनीनं, १९८५मध्ये, मुंबईत. जिला रविवारची सुट्टी मिळते, तिच्यासाठी मिस्सेचा तास म्हणजे आठवड्यातून एकदा कुडुख किंवा सादरी या आपल्या भाषेत गप्पा मारायची वेळ. चर्चच्या आवारातल्या पायऱ्यांवर गावचे निरोप, पैसे, फोटो, कुणाचं लग्न ठरलं आणि कुणाची मालकीण कशी, सगळं तिथे हातोहात बदलतं. गोल डाकखान्याची एक शाखा त्या आवारातही चालते म्हणा.

परिचारिकांचं बरं असतं असं मानायचं कारण नाही. रुग्णालयाला सुट्टी नसते. फक्त त्यांच्याकडे सौद्याला काहीतरी असतं. दिवाळीची रात्रपाळी मी करते, नाताळची तू कर, असे व्यवहार वॉर्डात ऑक्टोबरपासूनच पक्के होतात. ज्यांना हेही जमत नाही, त्यांनी गाव इथेच उभारलं. केरळी लोकांची राजधानी परिसरातली वस्ती किती मुरली आहे, हे रोमच्या कागदपत्रांतही दिसतं. सिरो-मलबार पंथासाठी मार्च २०१२मध्ये फरिदाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तर सिरो-मलंकारा पंथासाठी २०१५मध्ये गुडगावचा. आयटी कंपन्या आणि बिल्डरांसाठी ओळखलं जाणारं गुडगाव एका पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेचं धर्मपीठही आहे, हे तिथल्या रहिवाशांनाच ठाऊक नसतं. डिसेंबरच्या थंडीत मयूर विहारच्या किंवा द्वारकेच्या सोसायटीत ढोलकी वाजवत, मल्याळम गाणी म्हणत, घरोघर फिरणारं कॅरोल पथक पाहून चौकीदार आधी थबकतो. दोन-तीन वर्षांनी तोच फाटक उघडून धरतो.

२०२०च्या नाताळात हे सगळं थांबलं होतं. नेहमीच्या गाड्या बंद, धावत होत्या त्या मोजक्या विशेष. चर्चमध्ये मोजक्यांना प्रवेश. मिस्सा मोबाइलवर आली. त्या वर्षी एक सवय मात्र लागली आणि ती टिकली: सगळ्या कुटुंबाचा एकत्र व्हिडिओ कॉल. दिल्ली हे अनेक मल्याळी परिचारिकांचं मधलं स्टेशन. एक बहीण इथे राहिली, दुसरी कुवेतला, तिसरी आयर्लंडला, भाऊ ऑस्ट्रेलियात. २५ तारखेला दिल्लीत दुपारचे तीन वाजतात, तेव्हा कुवेतमध्ये साडेबारा, डब्लिनमध्ये सकाळचे साडेनऊ, पर्थला साडेपाच, मेलबर्नला रात्रीचे साडेआठ. म्हणून तीन ही वेळ बरी. न्यूयॉर्कमध्ये कुणी असेल तर पंचाईत. तिथे पहाटेचे साडेचार. तो भाचा झोपेतच पडद्यावर येतो, अंधारात अर्धा चेहरा. कोट्टयमच्या घरातली आई फोन कानाला लावते, सगळ्यांना तिचा कान दिसतो.

खाऊ मात्र अजून तारेवरून जात नाही. केरळी घरात प्लम केक लागतोच. त्याचं मूळ थलश्शेरीत सांगतात. मांबळ्ळी बापू नावाच्या बेकरीवाल्यानं १८८३मध्ये एका इंग्रज मळेवाल्याच्या फर्माइशीवरून तो तिथे भाजला. दिल्लीत त्याची तहान कनॉट प्लेसचं, १९२६पासूनचं वेंगर्स भागवतं. मंगळुरू-गोव्याकडच्यांना कुलकुल, नेवऱ्या, दोदोल हवेत. नेवरी म्हणजे करंजीची बहीण, हे मराठी माणसानं पहिल्या घासाला ओळखावं. आणि छोटानागपूरचा अरसा. भिजवलेल्या तांदळाचं पीठ, गुळाचा पाक, तळण. नाव आणि चव दोन्ही अनारशाला इतकी जवळ, की पुण्याच्या बाईनं सिमडेग्याच्या मुलीशी यावर तासभर बोलावं.

हा अरसा दिल्लीत बनत नाही असं नाही, पण गावच्या चुलीवरचा तो गावचा. जिला नाताळला जाता आलं, ती परत येताना पत्र्याच्या डब्यात भरून आणते, न गेलेल्यांसाठी. धुक्यानं अकरा तास उशिरा आलेली गाडी आनंद विहारला लागते, डबा पिशवीत तळाशी. तो रविवारपर्यंत थांबतो. जानेवारीचा दुसरा रविवार, मिस्सा सुटलेली, पायऱ्यांवर ऊन आलेलं. नाताळाचा तारा अजून उतरवलेला नाही. झाकण घट्ट बसलेलं असतं, ते उघडायला दोघी लागतात.